उजवीकडचं पान

रेश्माची पेन्सिल थांबली. एवढंच झालं. बुधवार होता, डिचोलीचा बाजाराचा दिवस, उघड्या जनेलातून खालचा गलका दुसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. मेजावर तिची वही, माझा चष्म्याचा डबा आणि तिने मुळगावहून आणलेलं एक लांबलचक तवसं, पावसाळी काकडी. मी सांगत होते, ती लिहीत होती. इंग्रजीतल्या कुठल्या शब्दामागे कुठला छोटा शब्द येतो त्याची यादी. अफ्रेड, ऑफ. वेट, फॉर. मग मी 'अराइव्ह' म्हटलं आणि त्याच दमात 'टू' म्हटलं. पेन्सिल एका श्वासाइतकी थांबली, आणि चालली. तिने मान वर केली नाही. मी सांगितलं तेच लिहिलं, आणि मी पुढच्या शब्दाकडे वळले. साडेपाचला "येतंय हां टीचर" म्हणून ती जिना उतरली. मी तवसं घेतलं, देठाकडचा तुकडा कापला, कडूपणा जावा म्हणून तोच तुकडा कापल्या जागी घासू लागले, आणि घासता घासता माझं तोंड आपणहून बोललं, अराइव्ह अ‍ॅट. हात थांबला. पांढरा फेस बोटांवरून ओघळून ताटलीत पडला आणि मी त्याच्याकडे बघत उभी राहिले.

सांगून टाकते, मी चुकणारी बाई नाही. चौतीस वर्षं या तालुक्यातल्या पोरांना मी इंग्रजी शिकवलं, निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, आणि त्यातलं एकही वर्ष माझं मेज रिकामं राहिलेलं नाही. माझ्या हाताखालून गेलेली पोरं बँकेत आहेत, कोर्टात आहेत, दोघं जहाजावर आहेत. साखळीला जाणाऱ्या बसचा एक कंडक्टर मला चढताना पाहिलं की सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडतो, "टीचर, डिपेंड?" मी म्हणते, "ऑन. आणि तिकीट दे." बस हसते. हा खेळ बारा वर्षं चालू आहे आणि मला तो आवडतो, खोटं कशाला बोलू. इंग्रजीतले हे छोटे शब्द पोरांना फार छळतात. आपल्याकडे घरात, घरावर, घरापाशी, असा तो बारका शब्द मोठ्याच्या पाठीला चिकटूनच येतो, आईच्या कडेवर पोर असावं तसा, तो कुणी वेगळा पाठ करत नाही. इंग्रजीत तो सुटा हिंडतो, आणि कुणाच्या मागे उभा राहील त्याला नियम नाही. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगते, कारण विचारायचं नाही, सवय करायची. माझी स्वतःची सवय त्रेसष्ट वर्षांची आहे. ती सैल होईल हे माझ्या मनातही आलं नव्हतं, नाहीतर मे महिन्यात मी तो शब्द दिलाच नसता.

मे महिन्यात गौरेश आला होता, माझा मुलगा, बायकोला घेऊन. तो पर्वरीला राहतो. त्या दिवशी दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि मी शेजारच्या खोलीत बसून पेपर वाचत होते. त्याने वास घेतला, जनेलं उघडली, आणि मग संथपणे, ऑफिसात बोलत असेल तसा बोलू लागला. "आई, आतां पुरो. एकटी रवाची न्हय. पर्वरेक खोली रिकामी आसा." मी म्हटलं, दूध कुणाचंही उतू जातं. तो म्हणाला, आज दूध, उद्या काय? तेव्हा मी पदराला हात पुसले आणि ऐटीत म्हटलं, "हे बघ, ज्या दिवशी माझं शिकवणं चुकेल, त्या दिवशी मी आपणहून तुला फोन करीन आणि बॅग भरीन. तोवर हा विषय काढायचा नाही." त्याची बायको सुविधा हसून म्हणाली, "झालं! म्हणजे आई शंभर वर्षं येत नाहीत." गौरेश हसला नाही. त्याने फक्त विचारलं, "शब्द?" मी म्हटलं, "शब्द." मला त्या घराची भीती नाही. खोली चांगली आहे, पूर्वेला जनेल आहे. पण तिथे मला कुणी टीचर म्हणणार नाही. तिथे मी औषधं वेळेवर घेणारी एक म्हातारी असेन. इथे मी जिना उतरले की चार माणसं जुन्या पोरांसारखी सरळ उभी राहतात.

तर मी तवसं चिरलं, मीठ लावलं, आणि जेवायच्या आधी बसून शोधलं की तो 'टू' आला कुठून. कारण मी विसरले नव्हते. विसरणं मला ओळखू येतं, ते रिकामं असतं, शेजारणीच्या नातवाचं नाव आठवत नाही तेव्हा तोंडात नुसती हवा असते. हे रिकामं नव्हतं. मागून कुणीतरी पुढे आलं होतं, अगदी खात्रीने, आणि माझ्या आवाजाच्या आधी बोललं होतं. दुसऱ्यांदा मी मुद्दाम मोठ्याने म्हणून पाहिलं, "अराइव्ह टू," आणि त्याच्यापाठोपाठ एक बारीक खोकला आठवला. मग मला ते ओळखू आले. दत्ताराम मास्तर.

मी पेडण्याची. एकसष्टच्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि मला मराठी लिहिता-वाचता येत होतं, पोर्तुगीजची दोन पुस्तकं झाली होती, आणि इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पुढच्या जूनमध्ये देवळाच्या अग्रशाळेत, जिथे एरवी जत्रेला आलेले महाजन उतरत, तिथे इंग्रजीचा वर्ग भरू लागला. नऊ मुली, सोळा मुलगे, आणि शिकवायला माणूस नाही. मग गावाने दत्ताराम मास्तरांना उभं केलं. ते पणजीला लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीजांच्या हायस्कुलात, पोर्तुगीज शिकलेले, कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, अक्षर मोत्यासारखं. राज्य बदललं आणि एका आठवड्यात त्यांची भाषा कुणाला नको झाली. चाळिशीच्या त्या माणसाने मग इंग्रजीचं एक पुस्तक मिळवलं आणि तो आमच्यापुढे एक धडा राहून शिकवू लागला. कधी कधी अर्धाच धडा. जिथे त्यांना खात्री नसे तिथे ते बारीक खोकत, आणि इंग्रजी शब्दामागे त्यांच्या घरातला, म्हणजे पोर्तुगीजातला छोटा शब्द लावत. पोर्तुगीजात माणसाचं लग्न कुणाच्या तरी बरोबर होतं, म्हणून आमच्या वह्यांत 'मॅरीड विथ' आलं. पोर्तुगीजात माणूस गावाला पोचतो, म्हणून 'अराइव्ह टू' आलं. आम्हाला काय कळत होतं? मास्तर या शब्दांना जोडपी म्हणत. "बायांनो, आज आठ जोडपी," असं म्हणून ते फळ्याकडे वळत, त्यांच्या कोटाची कोपरं खडूने पांढरी झालेली असत, आणि अग्रशाळेच्या मातीच्या भिंतीला शेणाचा आणि उदबत्तीचा मिळून वास येई. आजही मला इंग्रजी म्हटलं की आधी तो वास येतो.

जोडपी पाठ कशी करायची, ते आम्ही मुलींनी ठरवलं. श्रावणात संध्याकाळी देवळापुढे आमच्या फुगड्या रंगत, गणपतीच्या चवथीची तयारी म्हणून. माझी जोडीदार चंद्रावती, सुताराची, तिची मनगटं अशी घट्ट की सुटल्यावर माझ्या हातावर तिच्या बांगड्यांचे वळ असत. हात ओलांडून धरायचे, पावलांना पावलं लावायची, मागे कलायचं, आणि गिरकी चढली की एकीने शब्द टाकायचा, दुसरीने त्याचा जोडीदार. "अफ्रेड!" "ऑफ!" "वेट!" "फॉर!" आणि शेवटी दोघींनी मिळून फू. बायका हसत. माझी आजी म्हणायची, असली गाणी आमच्या वेळेला नव्हती, पण पाय बरोबर पडतात हो. समोरच मास्तरांचं घर. ते सोप्यावर बसून सुपारी कातरत आणि ऐकत. मला वाटतं त्यांना बरं वाटत असावं, स्वतःचं शिकवणं असं अंगणात फिरताना बघून.

चवथीला मुंबईहून काका आला आणि त्याने मला व्याकरणाचं एक जाड पुस्तक दिलं. मी माळ्यावर बसून दुपारभर त्यातली यादी माझ्या वहीशी ताडून पाहिली. सात जोडपी वेगळी निघाली. सात. मी पुन्हा पाहिलं, पुन्हा सातच. मला आठवतं, माझे कान गरम झाले होते आणि खाली कुणीतरी नेवऱ्या तळत होतं. वर्गात उभं राहून सांगावं, तर मुलगे मास्तरांना फाडून खातील, आणि तो वर्ग अजून पक्का झाला नव्हता, गावात दोन माणसं आधीच म्हणत होती की मुंबईहून शिकलेला मास्तर आणा. न सांगावं, तर पंचवीस पोरं चुकीचं घेऊन परीक्षेला जाणार. मी चंद्रावतीला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "मगे बरोबर आसा तां म्हणुया. कोण पाठीर मारता?" त्या संध्याकाळी आम्ही फुगडीला उभ्या राहिलो आणि सातही जोडपी बदलून म्हटली. मुद्दाम मोठ्याने, मुद्दाम सोप्याकडे तोंड करून. पहिल्याला काही झालं नाही. दुसऱ्याला मास्तरांचा अडकित्ता थांबला. गिरकीत मला तो दर फेरीला एकदा दिसायचा, हातात उघडा, सुपारी त्याच्या दातांमध्ये तशीच. सातवं होईपर्यंत तो तसाच होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी यादी होती. "काही सोयरिकी फिसकटल्या आहेत, वह्या काढा," मास्तर म्हणाले आणि वर्ग हसला. सातांपैकी पाच त्यांनी दुरुस्त केली होती. दोन त्यांना नीट ऐकू गेली नसावीत. तिथे ते थांबले, खडू फळ्याला टेकलेला, आणि खोकले, आणि त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. सगळ्या वर्गातून नेमकं माझ्याकडे. त्यांनी एक छोटा शब्द हळूच उच्चारला. मी पापणी हलवली नाही. त्यांनी दुसरा उच्चारला. मी पापणी मिटली. त्यांनी तो लिहिला. तेव्हापासून दोन वर्षं आमचं हे असंच चाललं. लिहिण्याआधी ते माझ्याकडे बघत, मी पापणी मिटत असे, आणि पंचवीस जणांत कुणाला कधी कळलं नाही. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, मी कधी काही बोलले नाही. चौदाव्या वर्षी मला त्याचा अभिमान वाटला. मोठ्या माणसाला मी सांभाळते, असं वाटून मी घरी उड्या मारत जायची. पुढे स्वतःच्या हातात खडू आला, चाळिशी आली, तेव्हा एकदा वर्गात शिकवता शिकवता मला त्यांची ती मान वळवणं आठवलं आणि माझं वाक्य अर्ध्यात राहिलं. दोन वर्षं रोज त्या माणसाने एका पोरीच्या पापणीकडे बघून शिकवलं. ते मला म्हणू शकले असते, सत्यवती, पुस्तक घेऊन घरी ये, दोघं मिळून बघू. मीही म्हणू शकले असते. ते गेले तेव्हा मी डिचोलीत होते, कळलं ते तेरावा झाल्यावर.

गुरुवारी मी तयारीनिशी बसले. रेश्माची शनिवारी मुलाखत होती, मोपाच्या विमानतळावर, प्रवाशांना मदत करायची नोकरी. ही रेश्मा दोडामार्गची, लग्न होऊन मुळगावला आली. तिचा नवरा विशाल शिरगावच्या खाणीवर टिपर चालवायचा, खाण थांबल्यापासून दुधाचा टेम्पो चालवतो. मराठी बारावी झालेली, चोवीस वर्षांची, आणि पहिल्या दिवशी माझ्यासमोर इंग्रजीतून स्वतःचं नाव सांगताना तिचे हात इतके कापत होते की मी तिला मेजाची कड धरायला लावली. तीन महिने ती येते आहे. मला यादी तोंडपाठ होती, सकाळी मी ती दोनदा म्हटली होती. मी सुरुवात केली, आवाज खणखणीत. पाच-सहा शब्द झाले. मग 'मॅरीड' म्हटलं, आणि पुढचा शब्द तोंडात असतानाच माझ्या लक्षात आलं की माझे डोळे वहीवर नाहीत, जनेलाकडे नाहीत, ते रेश्माच्या तोंडाकडे गेले आहेत. आणि रेश्माने माझ्याकडे बघून पापण्या मिटल्या. अगदी हलक्या, अगदी सरावाच्या.

मी 'टू' म्हटलं. बरोबर म्हटलं. पण हे पहिल्यांदा होत नव्हतं. अशी पापणी पहिल्यांदा मिटत नाही, तिला दिवस जावे लागतात. मी रेश्माला म्हटलं, चहा टाक जा. ती आत गेली, भांड्याचा आवाज आला, आणि मी तिची वही माझ्याकडे ओढली. डावीकडच्या पानांवर पेन्सिलीने, घाईचं अक्षर, म्हणजे मी सांगितलेलं. उजवीकडे निळ्या शाईने, सावकाश, घरी बसून लिहिलेलं. बहुतेक ठिकाणी दोन्ही पानं सारखी होती. मी बोट ठेवून खाली उतरत गेले. जिथे सारखी नव्हती तिथे तिने काही खोडलं नव्हतं, फुली मारली नव्हती, नुसतं उजवीकडे वेगळं लिहिलं होतं. अकरा ठिकाणी. त्यातली सात मी डोळे मिटूनही सांगितली असती. मास्तरांची सात. देवळापुढे फुगडी घालून मी जी पुसली होती, ती त्रेसष्ट वर्षांनी एका दोडामार्गच्या पोरीच्या पेन्सिलीत जशीच्या तशी उभी होती, आणि मला क्षणभर, लाज वाटायच्या आधी, फार आनंद झाला. कोटाची पांढरी कोपरं दिसली. मग मी उरलेली चार पाहिली. ती मास्तरांची नव्हती. ती कुणाचीच नव्हती. ती नुसती चुकलेली होती, आणि चुकताना मला काही जाणवलं नव्हतं.

रेश्मा कप घेऊन आली. वही माझ्यापुढे उघडी बघून ती दारातच थांबली. मी म्हटलं, "बस. कधीपासून?"

"आषाढापासून, टीचर."

"आणि बोलली नाहीस?"

"पयल्यांदा माका वाटला, तुमी माझी परीक्षा घेतास."

"मग?"

"मगे वाटला, मोबाईल चुकता."

मला हसू आलं. तिला नाही आलं. "मग?" मी पुन्हा विचारलं.

"मगे विशालाक विचारलंय. तो म्हणालो, टीचर काय सांगता तां डावीकडे लिव, मोबाईल काय सांगता तां उजवीकडे लिव, आणि इंटरव्ह्यूक उजव्या पानार जा."

"शहाणा आहे तुझा नवरा. मग डावीकडचं खोडून टाकायचंस."

"तुमचा कसा खोडू?" ती कपाच्या कानाकडे बघत म्हणाली. मग एकदम मान वर करून जरा रागानेच बोलली, "आणि मी सांगलंय आसता, आणि तुमी वर्ग बंद केलास आसतो, तर? मोबाईल शब्द सांगता, टीचर. हात कापले तर खंय धरूचे, तां सांगना नाय. बोलूच्या आदी दोन श्वास घे म्हणान सांगना नाय. मी भिल्लंय. माज्यासाठी भिल्लंय, तुमच्यासाठी नाय."

खरं सांगायचं तर हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. दया असती तर मी तिथल्या तिथे मोडले असते. मी चहा प्यायले, तिने साखर जास्त घातली होती, ते तिला सांगितलं, आणि आम्ही तास पुरा केला. त्या तासात मी एकदाही तिच्या तोंडाकडे चोरून बघितलं नाही. जिथे खात्री वाटेना तिथे सरळ म्हटलं, "रेश्मा, बघ गो." तिने मोबाईल बघितला आणि सांगितलं. चार वेळा. पहिल्या वेळी माझा आवाज जरा चढला, चौथ्या वेळी नाही. एवढी साधी गोष्ट होती ती. पेडण्याच्या अग्रशाळेत दोन वर्षांत दोन माणसांना जमली नव्हती.

ती गेल्यावर मी देवापुढे दिवा लावला आणि गौरेशला फोन केला. कुणाला कळलं नसतं. रेश्मा मेली तरी बोलली नसती, माझ्यासारखीच आहे ती. पण मी शब्द दिला होता, आणि पापणीवर चालणारा वर्ग कसा असतो ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "गौरेश, मी चुकले."

"कितां झालां? पडलंस?"

"पडले नाही. शिकवण्यात चुकले. अकरा ठिकाणी. तीन महिन्यांत."

 मग तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ऑफिसातला नव्हता, "आई, तुया सांगूक नको होतां माका."

"शब्द होता."

"आयतारा येतंय."

"ये. बॅग भरलेली असेल."

शनिवारचा दिवस मी बॅग भरण्यात घालवला. तीन साड्या, औषधांचा डबा, चष्मा, आणि रेश्मा मी न मागता ठेवून गेली होती ती वही. "माका आतां पाठ झालां," ती म्हणाली होती, "तुमच्याकडे रवांदे." मी दुपारी ती पुन्हा उघडली. उजवीकडचं पान वाचताना मला एखाद्या हुशार विद्यार्थिनीचा पेपर तपासल्यासारखं वाटत होतं. डावीकडचं वाचताना मी चौदा वर्षांची होत होते. आणि ती चार, ना चौदाची ना चाळिशीची, ती आजच्या बाईची होती, तिच्याशी माझी अजून नीट ओळख झालेली नव्हती. मी त्या चारांखाली पेन्सिलीने रेघ मारली. डॉक्टर विचारील तेव्हा दाखवायला. खाली कुणाची तरी मूर्ती आणायला रिक्षा चालली होती, आरतीच्या घुमट वाद्यावर कुणी हात बसवत होतं, चवथ आठवड्यावर आली होती.

रविवारी दहा वाजता गौरेश आला, सोफ्यावर बसला, आणि बॅग त्याच्या पायाशी. त्याने वही पाहिली, पानं उलटली. लहानपणी मी त्याची वही बघायचे, आज तोच माझी वही घेऊन बसला होता. मी त्याला मास्तरांची गोष्ट सांगितली. ती मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे सात तुज्यो न्हयच." मी म्हटलं, "चार माझी आहेत. सातांच्या आड चार लपवू नको. म्हणून तर येते मी. उद्या तू म्हणशील त्या डॉक्टरकडे जाऊ, तो जे विचारील त्याचं उत्तर देईन. मंगळवारी मला परत आणून सोड. बुधवारी वर्ग आहे."

"वर्ग? आई, तुया म्हटलेलां..."

"येईन म्हटलं होतं. येते आहे. शिकवायचं सोडीन असं मी कधी म्हटलं नाही."

"आणि परत चुकलंस तर?"

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि रेश्मा आत आली, घामाघूम, हातात केळीच्या पानाची पुडी. तिने गौरेशला पाहिलं, बॅग पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आधी सांग." तिने उभ्या उभ्या सांगितलं. तिघं होते समोर. विचारलं, प्रवासी उशिरा पोचला आणि रडायला लागला तर काय करशील? "मी मेजाची कड धरलंय, दोन श्वास घेतलंय, आणि बोललंय. एका ठिकाणी अडाकलंय. मगे त्यांका सांगलंय, जरा थांबा, माका बघूचा लागात. ती बाई हसली आणि कायतरी लिवल्यान." गुरुवारी तिला पुन्हा बोलावलं होतं, दुसऱ्या फेरीला. 'माका बघूचा लागात' हे इंग्रजीतून कसं म्हटलंस, मी विचारलं. तिने म्हणून दाखवलं. बरोबर होतं. आणि हे मी तिला शिकवलेलं नव्हतं, निदान गुरुवारपर्यंत नव्हतं.

"गुरुवारच्या आधी एक वर्ग पाहिजे," मी गौरेशला म्हटलं. "आणि तू विचारलंस ना, चुकले तर? उठ, ते मेज बाजूला घे."

त्याने घेतलं, मला वाटतं गोंधळूनच घेतलं. मी चपला काढल्या. रेश्माला म्हटलं, "फुगडी येते ना?" ती म्हणाली, "टीचर, तुमका नको." मी हात ओलांडून पुढे केले. तिने धरले. मनगटं चांगली घट्ट निघाली, चंद्रावतीइतकी नाही, पण चांगली. लादी पावलांना गार लागत होती. माझ्या पायांची दहा बोटं तिच्या दहा बोटांना टेकली, माझी वाकडी, तिची सरळ. गौरेश अर्धा उठून म्हणाला, "आई, पडशीत!" मी त्याच्याकडे पाहिलं नाही. रेश्माकडे पाहिलं, उघड, सरळ, सगळ्यांना दिसेल असं, आणि शब्द टाकला, "अराइव्ह!"

तिने तोंड उघडलं. मी तिचं उत्तर येण्याची वाट बघितली नाही. मी मागे कलले.